मातीचं मुद्दल

जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी बाजरीच्या खळ्यावर होतो. २०१४ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. मुलीनं आणि त्यांनी पुण्याच्या कडेला एक छोटं रो-हाऊस घेतलं होतं. पुढं बारा बाय वीस फुटांची मोकळी जागा. ते म्हणाले, "मामा, एक काम होतं. पुढच्या जागेत लॉन करायचंय, कडेनं चार भाज्या, दोन फुलझाडं. इथली माती अगदीच टाकाऊ आहे. गावाकडनं दोन ट्रॉल्या काळी माती पाठवता का? भाडं मी देतो."

मागणी साधी होती. लेकीच्या घरी आपण काय काय पाठवतो. बाजरीचं पोतं, वाटाण्याच्या शेंगा, सीताफळाची पाटी. त्यापुढं माती ती काय, रानात पडलेलीच. पण माझ्या तोंडून "पाठवतो" हा शब्द काही निघेना. शेवटी म्हटलं, "माती नको. मीच येतो."

त्यांना वाटलं, मामा रागावले. रात्री मुलीचा फोन आला. "आबा, काही झालंय का?" म्हटलं, काही नाही. खरं तर झालं होतं, पण ते अकरा वर्षांपूर्वी झालं होतं आणि तिला ते कधी सांगितलं नव्हतं.

ते २००३ साल. त्याआधीची दोन-तीन वर्षं पुरंदरच्या आमच्या पट्ट्यावर पाऊस रुसलेलाच होता. विहिरीनं तळ दाखवला होता. टँकर कधी येतो म्हणून बायाबापड्या हंड्यांची रांग लावून उन्हात बसायच्या. नेमकी त्याच उन्हाळ्यात मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला जायचं म्हणाली. फी, वसतिगृह, पुस्तकं, कपडे. सोसायटीचं कर्ज आधीच थकलेलं. दागिना मोडावा म्हटलं तर बायकोच्या गळ्यात डोरल्याशिवाय काही राहिलं नव्हतं.

तेव्हा मोठ्या रस्त्याच्या कडेनं मंगल कार्यालयं उभी राहायला लागली होती. सगळ्यांच्या नावापुढं 'लॉन्स'. हिरव्यागार गवतावर लग्न लावायचं नवीन वेड आलं होतं. अशाच एका लॉन्सच्या कामावरच्या ठेकेदाराला गवत लावायला काळी माती पाहिजे होती. माझं दीड एकर रान मुरमाड. ओढ्याकाठचा दहा गुंठ्यांचा तुकडा तेवढा पोयट्याचा. तोच त्याच्या नजरेत भरला. बांधावर उभा राहून म्हणाला, "पाव्हणं, वरची काढली तर खाली बी मातीच हाय की. तुमचं काय जातंय?" ट्रॉलीला दीडशे रुपये ठरले.

चार दिवस जेसीबी चालला. ९६ ट्रॉल्या गेल्या. हातात १४,४०० रुपये आले. मुलीची पहिल्या वर्षाची सोय झाली.

एक हिशेब मी तेव्हा केला नाही, पुढं केला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शंभर घनफुटांची एक ब्रास आणि ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती. म्हणजे दहा गुंठ्यांवरनं साडेदहा इंच माती मी काढून दिली. पुढं एका शेतकरी शिबिरात साहेबांनी सांगितलं, खडकाची एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. माझ्या तुकड्यातली ओढ्यानं आणून टाकलेली होती खरी, पण तीही वर कुठं तरी डोंगरावर खडकाची झालेलीच. हजारो वर्षांचं काम चार दिवसांत ट्रॉलीत बसलं.

आई तेव्हा होती. चारही दिवस ती काही बोलली नाही. शेवटची ट्रॉली गेल्यावर रानात आली. मी म्हटलं, "आई, पोरीच्या शिक्षणाला पैसं पाहिजे होतं." ती म्हणाली, "पाहिजे व्हतं, मला बी ठावं हाय. पर रान इकलं आसतंस तर दुसऱ्या कुणी कसलं आसतं. तू रानाचं कातडं काढून दिलंस." मग ट्रॉली भरताना सांडलेली माती तिनं पदरात गोळा केली आणि अंगणातल्या तुळशीत नेऊन टाकली.

मला दादा आठवले. माझे वडील. १९९४ ला गेले. वळवाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हा भावंडांना घेऊन रानात जायचे. वरच्या अंगची माती वाहून खालच्या बांधाला येऊन बसलेली असायची. ती पाट्यांत भरून डोक्यावरून परत वर न्यायची. आम्ही कुरकूर करायचो. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. दादा दिवसभर बंडिंगच्या कामावर माती ओढायचे आणि त्यातूनही वेळ काढून घरच्या बांधाची ताल नीट करायचे. मी एकदा विचारलं होतं, पाऊसच नाही तर बांध कशाला? म्हणाले, "पाऊस आज ना उद्या यील. तवा माती जाग्यावर पाहिजे." पाटीनं माती परत आणणाऱ्या माणसाच्या पोरानं ती ट्रॉलीनं धाडली, एवढंच मी म्हणतो.

पुढच्या तीन वर्षांत त्या दहा गुंठ्यांनी मला दाखवलं की 'खाली बी मातीच हाय' हे म्हणणं किती खोटं होतं. खाली माती होती, पण ती मेलेली होती. पिवळसर, चिकट, वास नसलेली. पाऊस पडला की वरच्या वर पाणी धावायचं. उघडीप मिळाली की पापडी धरायची. बाजरी गुडघ्याएवढी झाली की पिवळी पडायची. युरिया टाकला, डबल टाकला. चार दिवस हिरवी दिसायची, परत पिवळी. ज्या तुकड्यावर एका हंगामात तीन पोती बाजरी व्हायची तिथं पाऊण पोतं व्हायला लागलं.

२००६ ला पाहुण्यांच्यातलं एक लग्न निघालं. कार्यालय तेच. माझी माती जिथं गेली तेच लॉन्स. मला वाटलं, चला, निदान तिथं तरी हिरवंगार असेल. अक्षता पडल्या, पंगती झाल्या आणि मी एकटाच गवतावर फिरायला लागलो. गवत मधे मधे टकलं पडलेलं. पायाखाली जमीन सिमेंटसारखी. कडेला एक माळी पाईप धरून उभा होता. त्याला म्हटलं, "काय हो, गवत असं का?" म्हणाला, "माती लई चांगली आणली होती म्हणत्यात. पर दोन वर्सांत दगड झाली बघा." तो परका माणूस. ती माती माझी, हे मी त्याला सांगितलं नाही.

दगड का झाली ते मी तिथंच उभा राहून बघितलं. हंगामात एका दिवसाआड हजार माणसांचे पाय आणि मांडववाल्याचे टेम्पो. वाफसा नसताना ओल्या मातीवर चाकं फिरली की ती दबून बसते. पाणी बोअरचं, मचूळ. कडेकडेनं क्षार फुलून पांढरं झालेलं. गवत अगदी तासून कापायचे आणि कापलेलं सगळं पोत्यात भरून नाल्यात. वर आठवड्याला पोतंभर खत. चांगल्या मातीत अर्धा भाग घट्ट माती आणि अर्धा भाग पोकळ जागा असते, त्या पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. ती पोकळी म्हणजे मातीचं नाक-तोंड. इथं ते दाबून बंद झालं होतं. म्हणजे माझ्या रानात खालची माती मेलेली आणि इथं वरचीही मेली. ज्यानं विकली त्याच्याकडं राहिली नाही, ज्यानं घेतली त्याला लाभली नाही. जेवलेलं अन्न त्या दिवशी अंगी लागलं नाही.

या गोष्टीवर मी पुढं पुष्कळ वर्षं विचार केला. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, तत्त्वज्ञान मला काय कळणार. पण औतामागं चालताना डोकं रिकामं असतं. एक प्रश्न सारखा यायचा. माती विकावी का? सात-बारा माझ्या नावावर, अडचण माझ्या घरात. मग चुकलं कुठं?

आमचे एक शेजारी मोठे बोलके. ते म्हणायचे, "उगं मनाला लावून घेतो. आपण रोज मातीच विकतो की. बाजरी विकली, त्यात मातीचं सत्त्व गेलं. वाटाणा विकला, दूध विकलं, त्यात गेलं. तू एकदम विकलीस, आम्ही थोडी थोडी विकतो." या बोलण्याला मला कितीतरी दिवस उत्तर नव्हतं. कारण ते खरं आहे. पिकानं उचललेलं अन्न धान्याबरोबर रानाबाहेर जातं. ते परत रानात घातलं नाही तर पोत्यापोत्यानं मातीच जाते.

मग मला सावकाराची भाषा आठवली. मुद्दल आणि व्याज. रान दरवर्षी जे पिकवतं ते व्याज. ते खावं, विकावं, लेकीबाळींना द्यावं, त्यात पाप नाही. पण शेण, पाला, काड, धसकटं परत घातली तरच ते व्याज राहतं. नाही घातलं तर बाजरीच्या पोत्यातूनही मुद्दलच जातं. म्हणजे शेजाऱ्याचं म्हणणं मला दोषातून सोडवत नव्हतं, उलट आणखी एक दोष पदरात टाकत होतं. मी तर वर्षानुवर्षं धसकटं वेचून बांधाला पेटवत होतो. शेण वाळवून गोवऱ्या करत होतो. ट्रॉल्या जाण्याच्या आधीपासून माझी विक्री चालूच होती, फक्त ती डोळ्यांना दिसत नव्हती.

आणि हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचाही नाही. आमच्याकडनं पुण्याला जाताना दिवेघाट उतरला की पुढं उरुळी देवाची आणि फुरसुंगी लागतं. तिथं शहराच्या कचऱ्याचा डेपो. लांबूनच वास यायचा. गावोगावचं धान्य, भाजी, फळं या वाटेनं शहरात जातात आणि त्यांची सालं, देठं, उष्टं-खरकटं प्लास्टिकात मिसळून डोंगर होऊन पडतं. शेजारच्या गावांच्या विहिरी त्यानं नासल्या, त्यासाठी तिथल्या लोकांनी किती आंदोलनं केली. म्हणजे जे रानात परत यायला पाहिजे ते रानाच्या वाटेवर येऊन सडत होतं. आणि त्याच रस्त्यानं बंगल्यांच्या बागांसाठी मातीच्या ट्रॉल्या उलट्या दिशेनं उतरत होत्या. एकाच वाटेवर खत टाकून द्यायचं आणि माती विकत आणायची. याला अडाणीपणा म्हणावं तर दोन्हीकडं शिकलेली माणसं.

म्हणून जावईबापूंना म्हटलं, माती नको, मीच येतो.

जाताना बरोबर टिकाव, खोरं, दाताळं आणि एक छोटी पुडी घेतली. पुडीत तुळशीतली ओंजळभर माती. आई २००९ ला गेली होती, पण तुळस होती. तिनं पदरात गोळा केलेली ती माती, त्या ९६ ट्रॉल्यांतली माझ्याकडं राहिलेली तेवढीच.

मुलीच्या दारात पहिला टिकाव मारला तो विटेवर. बिल्डरनं राडारोडा टाकून वर चार इंच लाल मुरूम पसरला होता. विटांचे तुकडे, सिमेंटच्या ढेपा, फरशीचे कपचे, प्लास्टिकच्या पिशव्या, वायरी. जावईबापू म्हणाले, "यात काय होणार, मामा?" म्हटलं, आधी याला पाणी पिता येतं का बघू. फूटभर खोल खड्डा घेतला आणि पाण्यानं भरला. चांगल्या जमिनीत ते काही तासांत जिरतं. इथं सकाळी उठून बघतो तर निम्मं पाणी तसंच. याच्यावर दोन ट्रॉल्या काळी माती टाकली असती तर पहिल्या पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. वर माती चांगली आणि खाली कोबा, मुळं जाणार कुठं?

आठ दिवस मी तिथं राहिलो. राडारोडा वेचून काढला, तो गाडीभर निघाला. फूटभर खोल खणून ढेकळं फोडली. मग विचार केला, इथं आहे काय काय? कॉलनीत बदाम, गुलमोहर, सोनमोहराची झाडं. झाडणाऱ्या मावशी रोज पाला गोळा करून पेटवायच्या. त्यांना म्हटलं, "मावशी, तो मला द्या." त्या हसल्या. दोन दिवसांत पंधरा पोती पाला दारात आला. कोसभरावर एक गोठा होता, तिथून शेण आणलं. स्वयंपाकघरात चार माणसांचा रोज किलोभर ओला कचरा निघत होता.

एका कोपऱ्यात विटांचा जाळीदार हौद केला. तीन पाट्या वाळला पाला, एक पाटी ओला कचरा, वर शेणकाल्याचा शिडकावा. परत तसाच थर. मुलीला सांगितलं, "मूठभर उचलून पिळून बघायचं. बोटं ओली व्हावीत, पण पाणी गळायला नको. वास आला तर ओलं जास्त झालंय, पाला घाल. नुसतं कोरडं पडलं तर पाणी शिंपड. आठ-दहा दिवसांनी खालवर कर." चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत चांगलं गरम. जावईबापू आणि नातू दोघांनीही हात घालून बघितला.

दुधाला विरजण लावतात तशी तुळशीतली ओंजळभर माती मी त्या ढिगात टाकली. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव असतात, खत करायचं काम तेच करतात. मुलगी म्हणाली, "आबा, एवढीशी माती गावाहून पुडीत बांधून आणलीत?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ट्रॉल्या, दीडशे रुपये, आजीचं बोलणं, लॉन्सचा माळी. आणि हेही सांगितलं की ते पैसे तिच्या फीला गेले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही कर्ज काढलंय असं सांगितलं होतं." म्हटलं, "कर्जच होतं, बाई. मातीकडनं काढलं होतं." तिनं विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं. तू शिकलीस त्याचा पश्चात्ताप कधीच नाही. आज तू दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी उभी राहतेस ते बघून माझं ऊर भरून येतं. पण म्हणून ती विक्री बरोबर होती असंही मला म्हणता येत नाही. चांगल्या कामाला पैसे गेले म्हणजे कर्ज फिटत नाही. ते फेडावंच लागतं.

थंडीभर तिनं तो ढीग सांभाळला. तीन-साडेतीन महिन्यांनी काळं, भुरभुरीत, पहिल्या पावसासारखा वास येणारं खत झालं. उन्हाळ्यात परत गेलो, जागेवर दोन इंच खत पसरून मिसळलं आणि पाऊस पडल्यावर ताग पेरला. शेजारी विचारायचे, लॉन म्हणालात आणि हे काय उगवलंय? दीड महिन्यानं, फुलावर यायच्या आधी, ताग कापून मातीत गाडला. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, मूळचे गणित शिकवणारे, त्यांनी प्रयोग परिवारातून लोकांना हेच सांगितलं होतं की शहरात गच्चीवरसुद्धा पालापाचोळ्यातून माती तयार करता येते. त्यांचं ऐकून आमच्याकडच्या किती तरी शेतकऱ्यांनी पाला जाळायचं सोडलं. मी उशिरा सोडला.

गवत लावायची वेळ आली तेव्हा मला हसू आवरेना. रोपवाटिकेतून जावईबापूंनी गवताच्या काड्या आणल्या. बघतो तर हरळी! जन्मभर जी हरळी मी खुरप्यानं, कुळवानं, हातानं उपटून बांधावर फेकली ती इथं पैसे देऊन आणली होती. जातीनं जरा बारीक, एवढंच. आमच्या दादांनी हे बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. गणपतीच्या डोक्यावर दूर्वा म्हणून चढते तीही हीच म्हणा.

आधी मला वाटायचं, लॉन हा पैसेवाल्यांचा शौक. खायला ना प्यायला. पण पुढच्या वर्षी तिथं गेलो तर धाकटी नात त्या गवतावर रांगत होती. मातीत हात घालून गांडूळ धरू बघत होती. तेव्हा म्हटलं, चार पोरं खेळतील एवढं गवत असू दे, पण त्याची माती दुसऱ्याच्या रानातली नको. मुलीला दोन-तीनच गोष्टी सांगितल्या. गवत तासायचं नाही, दोन-तीन इंच ठेवायचं, एका वेळी वरचा तिसरा हिस्साच कापायचा. कापलेलं तिथंच विरळ पसरू द्यायचं, तेच त्याचं खत. ओल्यावर चालायचं नाही. झाडाच्या दाट सावलीत हरळी होत नाही, तिथं नुसता पाला अंथरून ठेवायचा. चुलीची राख आपल्याकडच्या मातीत बेतानं, कारण आपली माती आधीच चुनखडीची. बाकी गांडुळं करतील. गांडुळांवर डार्विन नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञानं १८८१ साली अख्खं पुस्तक लिहिलंय. एवढा मोठा माणूस म्हातारपणी गांडुळाची विष्ठा मोजत बसला, त्याअर्थी ती मोजण्यासारखी असणार.

मुलीच्या बागेनं मला एक शिकवलं. बारा बाय वीस फुटांच्या राडारोड्यात दोन वर्षांत जीव येतो, तर माझ्या दहा गुंठ्यांत का येऊ नये? मातीचं अंग व्हायला हजारो वर्षं लागतात, ते मला परत आणता येणार नाही. पण तिच्यातला जीव माणसाच्या हयातीत परत येऊ शकतो. मी जाळणं बंद केलं. धनगरांना सांगून त्या तुकड्यावर मेंढरं बसवायला लागलो, रात्रीला त्यांना बाजरी द्यायची. ताग, धैंचा गाडायला लागलो. २०१६ ला माती तपासून घेतली, तेव्हा सेंद्रिय कर्ब ०.२८ टक्के निघाला. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमीच. २०१८ च्या उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ आणून टाकला. तेव्हाही मनात शंका आली, हीही कुणाची तरी मातीच की. पण तलावातला गाळ म्हणजे आमच्याच शिवारातनं वाहून गेलेली माती. तिला घरी आणायचं. दादा पाटीनं आणायचे, मी ट्रॉलीनं आणली. मागच्या तपासणीला कर्ब ०.४४ झाला. बाजरी दोन पोत्यांवर आली. तिसऱ्या पोत्याचं मी बघेन की नाही ठाऊक नाही.

मुलगी आता दिवाळीला आणि शिमग्याला येते तेव्हा गाडीच्या डिकीत चाळलेल्या खताच्या दोन गोण्या असतात. दहा गुंठ्यांना दोन गोण्या म्हणजे काहीच नाही. पण ती स्वतः ओंजळीनं फेकत फिरते आणि मी तिला थांबवत नाही. दिवेघाट उतरून गेलेल्या मातीतलं काही तरी घाट चढून परत येतंय.

गेल्या उन्हाळ्यात भावकीतला एक तरुण पोरगा माझ्याकडं आला. बापाचं ऑपरेशन होतं. एक जेसीबीवाला त्याच्या ओढ्याकाठच्या मातीला भाव देत होता. "आबा, देऊ का?" मी त्याला 'देऊ नको' म्हणू शकलो नाही. ज्याच्या बापाच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला मातीचं महत्त्व सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला. मी त्याच्यापुढं माझा हिशेब मांडला. किती ट्रॉल्या, किती रुपये, तीन पोत्यांचं पाऊण पोतं, पुढचं वर्षानुवर्षांचं खत आणि मेंढरं. म्हटलं, "दिलीस तर हे सगळं तुझ्या मागं लागंल. त्यापरीस अर्धी नड मी भागवतो, जमंल तसं फेड."

त्यानं माझे पैसे घेतले आणि तरी पाच गुंठ्यांची माती दिली. पाच गुंठे राखले. बाप वाचला. मी त्याला दोष दिला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला धनगर आले, तेव्हा माझ्या तुकड्यावरची एक रात्र कमी केली आणि मेंढरं त्याच्या रानात बसवायला सांगितली.